फरशीच्या आधी तिच्या खालची जमीन पक्की करा



मागच्या काही महिन्यांत गटाच्या बैठकांमध्ये अंतर्गत कर्जाची जी मागणी येते, त्यात "घराला फरशी बसवायची आहे" हे कारण वारंवार येऊ लागले आहे. चांगली गोष्ट आहे. शेळी, शिवणयंत्र, बी-बियाणे यांच्यासारखीच घराची जमीन हीसुद्धा बाईच्या रोजच्या कामाची जागा आहे. पण फरशीसाठी कर्ज घेतले आणि दोन पावसाळ्यांत फरशी खचली, तर हप्ता चालूच राहतो आणि पायाखाली पुन्हा खड्डा. म्हणून या महिन्याचा पाठ फरशीवर नाही, फरशीच्या खाली काय असते त्यावर आहे.

पाठाचे सार आधीच सांगून ठेवतो: फरशी टिकते ती तिच्या खालच्या थरामुळे. आणि हा खालचा थर करायला महागडे यंत्र लागत नाही. कष्ट, पाणी, माप आणि धीर एवढ्यावर तो होतो. म्हणजे हे काम आपल्याला जमणारे आहे.

जमीन पक्की का हवी?

आपल्या आया-आज्या शेणाने सारवत आल्या. कानबाई बसवायच्या आधी घर कसे लख्ख सारवलेले असते, हे खान्देशात कोणाला सांगायला नको. सारवलेली जमीन वाईट नाही, पण तिला दर आठवड्याला बाईचे कष्ट लागतात, पावसाळ्यात ओल धरते, उंदीर बिळे करतात आणि रांगणारे लेकरू त्याच मातीत हात घालून तोंडात घालते. मातीतून जंतांची अंडी पोटात जातात, जुलाब होतात, अंगातले रक्त कमी होते.

याचा मोजून केलेला एक अभ्यास आहे. मेक्सिको देशातल्या कोआहुइला राज्यात २००० साली सरकारने गरीब घरांची मातीची जमीन सिमेंटची करून द्यायची योजना काढली. एका घराला जास्तीत जास्त ५० चौरस मीटर. सिमेंटचा माल गाडीने दारात यायचा. खोली रिकामी करून जमीन तयार ठेवणे आणि माल पसरून सारखा करणे हे काम घरच्या माणसांचे होते. पुढे अभ्यासकांनी तिथल्या टोरेऑन शहरातली घरे आणि शेजारच्या राज्यातली, योजना न मिळालेली तशीच घरे यांची तुलना केली. २००९ साली छापलेल्या त्या अभ्यासात असे दिसले की पूर्ण मातीची जमीन जाऊन पूर्ण सिमेंटची झाली, तर लहान मुलांमधले जंत ७८ टक्क्यांनी आणि जुलाब ४९ टक्क्यांनी कमी होतात. घरातल्या आयांच्या मनावरचा ताणही कमी झालेला आढळला. यातली एक गोष्ट लक्षात घ्या. हा फायदा साध्या सिमेंटच्या जमिनीचा आहे. चकचकीत फरशीचा त्यात काही वाटा नव्हता.

आपल्याकडची खरी अडचण: काळी माती

गिरणेच्या काठची काळी माती म्हणजे आपले सोने. कापूस आणि केळी तिच्यावरच उभी आहे. पण जी माती पिकाला चांगली, ती घराखाली वाईट. काळी माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात, हात जाईल इतक्या. तेच घराखाली होते. पावसाळ्यात जमीन वर उचलली जाते, उन्हाळ्यात खाली बसते. मग फरशी मध्येच पोकळ वाजते, कडेला उघडते, एक दिवस वरवंटा पडला की फुटते. गवंड्याने फरशी वाईट बसवली असे आपण म्हणतो, पण पुष्कळदा दोष खालच्या मातीचा असतो.

घरकुलात हे जास्त होते. प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) मैदानी भागाला १ लाख २० हजार रुपये मिळतात आणि घर किमान २५ चौरस मीटरचे, म्हणजे सुमारे २७० चौरस फुटांचे बांधायचे असते. भिंती आणि छत होईपर्यंत पैसे संपत येतात. मग जोत्यात भराव म्हणून पाया खणताना निघालेली काळी मातीच परत ढकलली जाते. ती फुकट असते आणि दारातच पडलेली असते. तिच्यावर घाईत फरशी बसते. इथेच सगळे बिघडते.

तुमच्या भरावाची माती कशी आहे, हे घरीच तपासा. मूठभर माती ओली करून लाडू वळा आणि दोन-तीन दिवस उन्हात ठेवा. लाडू आकसला, त्याला भेगा पडल्या आणि दगडासारखा कडक झाला, तर ती काळी माती. ती भरावात नको. मुरमाचा लाडू नीट वळतच नाही, वळला तरी वाळल्यावर हाताने सहज चुरतो आणि आकसत नाही. असा मुरूम चालेल.

काम कधी काढायचे?

आपल्याकडे या कामाला सगळ्यात चांगले दिवस जानेवारी आणि फेब्रुवारी. कापूस वेचणी आटोपत आलेली असते, जमीन कोरडी असते, विहिरीला पाणी असते आणि ऊन सोसवते. आखाजीला पाहुणे येतील म्हणून एप्रिल-मे महिन्यात काम काढू नका. तेव्हा पारा ४३-४४ अंशांच्या वर जातो, सिमेंटमधले पाणी उडून जाते आणि तडे जातात. पाण्याचीही तेव्हाच टंचाई. उन्हाळ्यातच करणे भाग असेल, तर पहाटे सुरू करून सकाळी ९-१० पर्यंत माल टाकून मोकळे व्हा.

एका १० फूट बाय १० फूट खोलीला सगळे मिळून साधारण २३-२५ दिवस लागतात. हाताचे काम त्यातले ६-७ दिवसांचेच. बाकीचे दिवस पाणी मारायचे आणि वाट बघायची. म्हणून एकावेळी एकच खोली घ्या. चूल आणि अंथरूण दुसऱ्या खोलीत हलवा.

किती सामान लागेल?

खाली दिलेला हिशेब १०० चौरस फुटांच्या, म्हणजे १० बाय १० च्या खोलीचा आहे. तुमची खोली मोठी असेल तर त्या प्रमाणात वाढवा.

१. मुरूम: ठोकून ६ इंच थर होण्यासाठी सैल मुरूम ६० ते ६५ घनफूट. १०० घनफूट म्हणजे १ ब्रास, म्हणून सुमारे पाऊण ब्रासच्या आत.

२. खालचे काँक्रीट, ४ इंच जाड (१ भाग सिमेंट, ४ भाग वाळू, ८ भाग खडी): सिमेंट साडेतीन गोण्या, वाळू १६ घनफूट, जाड खडी ३१ ते ३२ घनफूट.

३. वरचा कोबा, दीड इंच जाड (१ भाग सिमेंट, २ भाग वाळू, ४ भाग बारीक खडी): सिमेंट सव्वादोन गोण्या आणि वरून घोटायला अर्धी गोणी, वाळू साडेपाच घनफूट, अर्ध्या इंचाच्या आतली बारीक खडी ११ घनफूट.

४. जाड प्लास्टिकचा कागद: खोलीपेक्षा चारही बाजूंनी अर्धा फूट मोठा.

म्हणजे एकूण सिमेंट सव्वासहा ते साडेसहा गोण्या. भडगाव, काजगाव किंवा पाचोरा, जिथून माल आणणार तिथले दोन दुकानांतले भाव विचारा, गाडीभाडे धरा आणि हा हिशेब कर्जमागणीच्या अर्जाला जोडा. "फरशीसाठी २० हजार" असे मोघम लिहिण्यापेक्षा हे बरे. गटालाही कर्ज द्यायला सोपे जाते. घरकुल मंजूर असेल तर ५ ब्रासपर्यंत वाळू विनामूल्य देण्याचे शासनाचे धोरण आहे. तुमच्या गावाला ती कुठून मिळते, हे ग्रामपंचायतीत आणि तहसील कार्यालयात विचारून घ्या.

वाळू घेताना ती तपासा. काचेच्या उभ्या बाटलीत अर्ध्यापर्यंत वाळू घाला, पाणी आणि चिमूटभर मीठ टाका, जोरात हलवा आणि तीन तास ठेवून द्या. खाली वाळू बसते, तिच्यावर गाळाचा थर बसतो. वाळू १० सेंटिमीटर असेल आणि गाळ पाऊण सेंटिमीटरच्या आत असेल, तर वाळू चांगली. जास्त असेल तर धुऊन घ्या, नाहीतर परत पाठवा.

पायरी १: लेव्हलची रेघ मारा

सगळ्यात आधी माप. डोळ्याच्या अंदाजाने जमीन कधी सारखी होत नाही. यासाठी २५-३० फूट पारदर्शक नळी आणा आणि तिच्यात पाणी भरा. आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. दोघींनी नळीची दोन टोके धरायची. दोन्ही टोकांतले पाणी नेहमी एका पातळीला येते. एकीने दाराच्या उंबऱ्याजवळ, होणाऱ्या जमिनीच्या वर बरोबर ३ फुटांवर भिंतीवर खूण करायची. दुसरीने नळी चारही कोपऱ्यांत फिरवून तीच खूण करायची. मग दोरीला गेरू किंवा निळ लावून चारही भिंतींवर रेघ मारा.

आता ही रेघ तुमची मोजपट्टी. रेघेपासून खाली मोजा:

कोब्याचा वरचा भाग: ३ फूट.
खालच्या काँक्रीटचा वरचा भाग: ३ फूट दीड इंच.
ठोकलेल्या मुरमाचा वरचा भाग: ३ फूट साडेपाच इंच.
खणून साफ केलेली जमीन: ३ फूट साडेअकरा इंच.

धुतलेले पाणी बाहेर जावे म्हणून दाराच्या किंवा मोरीच्या बाजूला १० फुटांना १ इंच उतार हवा. उतार दाराकडे द्यायचा असेल तर वरची चारही मापे दाराच्या कडेला धरा आणि समोरच्या भिंतीजवळ प्रत्येक माप १ इंचाने कमी करा. मोरीकडे उतार असेल तर मोरीची बाजू तशीच धरा. सगळे थर एकाच उताराने गेले पाहिजेत, म्हणजे जाडी सगळीकडे सारखी राहते.

पायरी २: खणून काढा

खोलीतली काळी माती, मोकळी माती, झाडांची मुळे आणि उंदरांची बिळे काढून टाका. बिळे मुरूम आणि दगडाने ठासून बुजवा. निघालेली काळी माती शेतात किंवा परसबागेत टाका, तिथे ती कामाची आहे.

इथे एक सावधगिरी. जुने मातीचे किंवा धाब्याचे घर असेल तर भिंतीलगत खोल खणू नका. अशा घरांचा पाया काही ठिकाणी फार उथळ असतो. पाया उघडा पडला तर भिंत बसते आणि माणसांच्या अंगावर येऊ शकते. अशा घरात आधी जाणत्या गवंड्याला पाया दाखवा. खणण्यापेक्षा जमीन वर उचलणे सुरक्षित असते. दार आणि चौकटीची उंची तेवढी आहे का, ते बघा.

काळी माती फार खोलपर्यंत असेल तर सगळी काढणे शक्य नाही. जेवढी जमेल तेवढी काढा आणि तिच्यापर्यंत पाणी जाऊ देऊ नका. त्याबद्दल शेवटी सांगतो.

पायरी ३: मुरूम भरा आणि ठोका

सगळा मुरूम एकदम ओतून वरून ठोकला तर वरचे दोन बोटे घट्ट होतात आणि खाली पोकळ राहते. म्हणून दोन थर करा. पहिला सैल थर ४ इंचांचा. त्यावर संध्याकाळी पाणी शिंपडा, रात्रभर मुरू द्या आणि सकाळी ठोका. पाणी किती, हे हाताला कळते. मुठीत मुरूम दाबला तर गोळा व्हावा, खाली टाकला तर फुटावा. बोटांतून पाणी निघाले तर जास्त झाले. मग तासभर थांबा.

ठोकायला लोखंडी धुमस वापरा. काही जण त्याला दुरमूस म्हणतात. धुमस गटाने एक विकत घेतला किंवा करून घेतला तर सगळ्यांच्या कामी येतो. भिंतीच्या कडेपासून सुरू करा आणि गोल फिरत मध्यावर या. कडा आणि कोपरे नेमके राहून जातात, म्हणून ते आधी. सैल ४ इंच ठोकून साधारण ३ इंच होतात. मग दुसरा थर. शेवटी लोखंडी सळईचे टोक हाताने दाबून पाहा. आत घुसले तर पुन्हा ठोका. टाचेने जोर दिला तर खूण उमटू नये.

ठोकायचे काम दमवणारे आहे. दर दहा-पंधरा मिनिटांनी पाळी बदला. गरोदर ताईंनी, नुकतीच बाळंत झालेल्यांनी आणि अंग बाहेर येण्याचा त्रास असलेल्यांनी धुमस उचलू नये. त्यांनी रेघ, माप आणि हिशेब सांभाळावा. तेही तितकेच महत्त्वाचे काम आहे.

पायरी ४: प्लास्टिक आणि खालचे काँक्रीट

ठोकलेल्या मुरमावर प्लास्टिकचा कागद अंथरा. जोड असेल तिथे एकावर एक ६ इंच चढवा आणि कडा भिंतीवर वर मुडपा. यामुळे जमिनीतली ओल वर चढत नाही. हा खर्च छोटा आहे, तो वाचवू नका.

आता माल कालवायचा. माप घमेल्याने अंदाजे घेऊ नका. घरातला १५ किलोच्या तेलाचा रिकामा डबा घ्या. सिमेंटची एक गोणी म्हणजे साधारण दोन डबे. एका वेळी अर्धीच गोणी कालवा. तिला वाळू ४ डबे आणि जाड खडी ८ डबे. आधी वाळू आणि सिमेंट कोरडे कालवा. सगळीकडे एकसारखा रंग आला की खडी घाला आणि शेवटी पाणी, १५ लिटरच्या आसपास. वाळू ओली असेल तर त्याहून कमी.

पातळ माल पसरायला सोपा जातो, म्हणून पाणी वाढवायचा मोह होतो. तो टाळा. जास्तीचे पाणी उडून गेले की तिथे बारीक पोकळ्या राहतात आणि जमीन ठिसूळ होते. पाणी घातल्यापासून अर्ध्या तासात माल टाकून झाला पाहिजे. राहिलेल्या मालात नंतर पाणी घालून तो पुन्हा वापरू नका.

अर्ध्या गोणीचा माल सुमारे १६ चौरस फूट जागेला पुरतो. दारासमोरच्या भिंतीपासून सुरू करून दाराकडे या, म्हणजे बाहेर निघता येते. माल टाकला की धुमसाने किंवा लाकडी ठोकळ्याने हलके ठोका, प्लास्टिक फाटू देऊ नका. सिमेंटचे पाणी वर दिसू लागले की पुरे. रेघेपासून माप घेत सरळ पट्टीने सारखे करा. वरचा भाग गुळगुळीत करू नका. खराट्याने खरबरीत ठेवा, म्हणजे कोबा त्याला धरून राहील.

दुसऱ्या दिवसापासून ७ दिवस पाणी. ओले गोणपाट अंथरा आणि ते वाळू देऊ नका.

पायरी ५: कोबा चौकोनात टाका

सगळ्या खोलीला एकसंध कोबा टाकला तर वाळताना तो आकसतो आणि मन मानेल तिथे तडा जातो. चौकोन पाडले तर आकसण्याची जागा आपण ठरवतो. १० बाय १० च्या खोलीत ५ बाय ५ चे चार चौकोन करा. मध्ये दीड इंच उंचीच्या सरळ लाकडी पट्ट्या ठेवा.

खालचे काँक्रीट झाडून धुऊन घ्या. पाणी साचलेले नको, ओल मात्र हवी. त्यावर सिमेंटचे दाट पाणी खराट्याने फिरवा आणि ते वाळायच्या आत माल टाका. पहिल्या दिवशी समोरासमोरच्या कोपऱ्यांतले दोन चौकोन भरा. दुसऱ्या दिवशी पट्ट्या अलगद काढून उरलेले दोन भरा. एका चौकोनाला अर्ध्या गोणीहून थोडे जास्त सिमेंट लागते. अर्ध्या गोणीला वाळू २ डबे, बारीक खडी ४ डबे आणि पाणी १२ लिटरपर्यंत.

माल ठोका, पट्टी ओढा, लाकडी रंध्याने सारखा करा. मग थांबा. वर आलेले पाणी दिसेनासे झाले की सिमेंटचे दाट पाणी पसरून लोखंडी थापीने घोटा. ओल्या मालावर कोरडे सिमेंट भुरभुरू नका, त्याची पापडी निघते. हे शेवटचे घोटणे हाताच्या सवयीचे काम आहे. पहिल्या खोलीला दोन दिवस गवंडी लावा आणि दोघीतिघींनी शेजारी बसून शिकून घ्या. दुसऱ्या खोलीला हात वळेल.

नंतर १० दिवस पाणी. हलके चालणे दोन दिवसांनी, पलंग आणि कपाट दहा दिवसांनी, ज्वारी-गव्हाची पोती मात्र महिनाभराने. सिमेंटचा पूर्ण जोर २८ दिवसांनी धरतात.

कोब्याऐवजी शहाबादी, कोटा किंवा चकचकीत टाईल्स हव्या असतील तर पायरी ४ पर्यंत सगळे असेच करा. फरशी आणि तिच्या खालचा माल यांची जाडी धरून रेघेपासूनचे माप तेवढे बदला. पैसे कमी असतील तर आज कोबा करा. तो नीट झाला तर पुढे चार वर्षांनी त्यावर टाईल्स बसवता येतात. उलटे होत नाही. आज कच्च्या जमिनीवर टाईल्स बसवल्या तर उद्या पाया करायला त्या फोडाव्याच लागतात.

हात सांभाळा

ओले सिमेंट कातडी जाळते. लगेच कळत नाही, रात्री हाताला भेगा आणि आग होते. रबरी हातमोजे आणि बूट वापरा, बांगड्यांखाली माल अडकू देऊ नका, काम झाले की भरपूर साध्या पाण्याने हात-पाय धुवा आणि खोबरेल लावा. डोळ्यात उडाले तर चोळू नका. बराच वेळ पाणी मारा आणि दवाखान्यात जा. कोरडे सिमेंट कालवताना नाका-तोंडाला पदर घट्ट बांधा आणि लेकरे लांब ठेवा.

घराबाहेरचे पाणी

आतले काम कितीही चांगले केले, पण पागोळ्यांचे पाणी भिंतीच्या बुडाशी मुरत राहिले तर खालची काळी माती फुगणारच. घराभोवती दोन-अडीच फूट मुरूम टाकून बाहेर उतार द्या आणि पाणी गटारीला किंवा शोषखड्ड्याला न्या. शोषखड्डा भिंतीपासून लांब हवा. मोरीचे पाणी आणि भांडी घासायची जागा भिंतीलगत नको. हे काम दर पावसाळ्याआधी एकदा बघून घ्या.

गटाने काय करावे?

हे काम एकटीचे नाही. पाच जणींनी सावड करा. आज हिच्या घरी, पुढच्या महिन्यात तिच्या घरी. खणणे, मुरूम ठोकणे, माल कालवणे आणि पाणी मारणे ही मजुरी वाचली, तर कर्ज सामानापुरतेच लागते. धुमस, लेव्हलची नळी, सरळ पट्टी, रंधा आणि थापी हा संच ग्रामसंघाने एकदा घेऊन ठेवावा आणि कोणाकडे आहे त्याची नोंद वहीत करावी.

आणखी एक गोष्ट. ज्या घरात तुम्ही कर्ज आणि कष्ट घालणार, त्या घराच्या ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या उताऱ्यावर तुमचे नाव आहे का? पती-पत्नी दोघांची नावे लावता येतात. काम काढायच्या आधी ग्रामपंचायतीत जाऊन उतारा बघा. नाव नसेल तर अर्ज द्या. पायाखालची जमीन पक्की करताना कागदावरची जागाही पक्की करून घ्या.

पुढच्या बैठकीत चर्चेसाठी

१. आपल्या गटातल्या किती घरांत फरशी पोकळ वाजते किंवा खचली आहे? तिच्या खाली कोणती माती भरली होती?

२. प्रत्येकीने आपल्या दारातल्या मातीचा लाडू वाळवून बैठकीला आणावा. कोणाचा आकसला, कोणाचा नाही?

३. जानेवारीत पहिली खोली कोणाची घ्यायची? सावडीला कोण कोण?

४. १० बाय १० च्या खोलीच्या सामानाचा आजचा भाव काढा. कर्ज किती, हप्ता किती आणि किती महिने?

या चार प्रश्नांची उत्तरे बैठकीच्या वहीत लिहून ठेवा. पुढच्या महिन्यात आपल्या सीआरपी ताई ती ग्रामसंघाच्या बैठकीत मांडतील आणि अवजारांचा संच घ्यायचा की नाही, ते त्यावरून ठरेल.